एनबीडी क्लायंटमध्ये ‘स्ट्रक्चर्ड रिप्लाय’ जोडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या ठिकाणी बसून आसपासच्या गावांतल्या जिनिंग, पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्या कॉम्प्युटरचे बॅकअप सांभाळणाऱ्यांसाठी आणि त्यासाठी स्वतःचा क्लायंट लिहिणाऱ्यांसाठी हे पान आहे. सॉकेटवरून बाइट वाचणं-लिहिणं येतं, एवढं गृहीत धरलं आहे.

एनबीडी म्हणजे नेमकं काय? शेअर केलेल्या फोल्डरपेक्षा ते वेगळं कसं?

नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस. शेअर केलेल्या फोल्डरमध्ये आपण फाइल मागतो. इथे अख्खी डिस्कच समोर असते आणि आपण म्हणतो, ‘अमुक ठिकाणापासून इतके बाइट दे.’ फाइल कुठली, फोल्डर कुठला, हे प्रोटोकॉलला माहीतच नसतं. नेहमीचा पोर्ट १०८०९. प्रोटोकॉल लहान आहे, म्हणून एकट्या माणसालाही क्लायंट लिहिता येतो.

एक गोंधळ आधीच मिटवू. सर्व्हर म्हणजे मोठं मशीन असं नाही. जो डिस्क देतो तो सर्व्हर. गावातल्या जिनिंगच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरचा बॅकअप तालुक्याला घ्यायचा असेल, तर जिनिंगमधला कॉम्प्युटर सर्व्हर आणि तालुक्यातला क्लायंट. डेटा गावाकडून वर जातो, आणि सिमवरच्या राउटरला वर जाणारा वेगच कमी असतो. खाली दिलेल्या बऱ्याच उत्तरांचं कारण हेच आहे.

साधं उत्तर चालतंय की. मग स्ट्रक्चर्ड रिप्लाय कशाला?

दोन कारणं आहेत, आणि पहिलं जास्त गंभीर आहे.

साध्या उत्तराचा हेडर १६ बाइटचा असतो : ४ बाइट मॅजिक (ठरलेला ओळखीचा आकडा), ४ बाइट एरर, ८ बाइट कुकी (हे कुठल्या मागणीचं उत्तर ते सांगणारा आकडा). त्यामागून मागितलेला सगळा डेटा. एरर सुरुवातीलाच सांगावी लागते. सर्व्हरनं ‘एरर शून्य’ लिहून डेटा पाठवायला घेतला आणि अर्ध्यात डिस्कचा खराब सेक्टर लागला, तर ‘आता अडलं’ हे सांगायला जागाच उरलेली नसते. सर्व्हरला कनेक्शन तोडावं लागतं. क्लायंटला वाटतं लाइन गेली. तो पुन्हा जोडतो, तोच सेक्टर मागतो, पुन्हा तुटतं. रात्रभर हेच चालतं आणि दोष इंटरनेटवर जातो. स्ट्रक्चर्ड रिप्लायमध्ये उत्तर तुकड्यांनी येतं, त्यामुळे चांगला भाग मिळतो आणि नेमकी कुठे एरर आली हेही कळतं.

दुसरं कारण पोकळी. व्हर्च्युअल डिस्कचा बराच भाग कधी लिहिलेलाच नसतो. साध्या उत्तरात तिथले शून्य एकेक बाइट करून लाइनवरून जातात. बारदाना रिकामा असेल तर गाडीभर लादून तालुक्याला नेत नाहीत, नग सांगतात. स्ट्रक्चर्ड रिप्लायमध्ये सर्व्हर तसंच सांगतो : ‘इथून इतके बाइट पोकळ.’

डेटा किती वाचतो, आकड्यात सांगा.

६४ केबी, म्हणजे ६५५३६ बाइट वाचायला मागितले. पहिले १६ केबी भरलेले, मधले ३२ केबी पोकळ, शेवटचे १६ केबी भरलेले. साधं उत्तर : १६ + ६५५३६ = ६५५५२ बाइट. स्ट्रक्चर्ड उत्तर : भरलेला प्रत्येक तुकडा २० बाइट हेडर + ८ बाइट ऑफसेट + १६३८४ बाइट डेटा = १६४१२, असे दोन; आणि पोकळीचा तुकडा २० + १२ = ३२. एकूण ३२८५६ बाइट.

सलग १ जीबी पोकळ जागा २५६ केबीच्या मागण्यांनी वाचली तर ४०९६ मागण्या होतात. प्रत्येक मागणी २८ बाइटची, उत्तर ३२ बाइटचं. जाऊन-येऊन २४५७६० बाइट, म्हणजे २४० केबी. साध्या उत्तरात पूर्ण १ जीबी.

पण याची हमी नाही. पोकळी सांगणं सर्व्हरच्या मर्जीवर आहे, तो शून्य डेटा म्हणूनही पाठवू शकतो. डिस्कची फाइल सुरुवातीलाच पूर्ण आकाराची भरून बनवली असेल, तर पोकळी असल्याचं बहुधा सर्व्हरलाच दिसत नाही आणि वरचा हिशेब लागू होत नाही. बॅकअपवाल्यांनी डिस्क बनवतानाच स्पार्स (न लिहिलेल्या भागाला जागा न घेणारी फाइल) किंवा क्यूकाऊ-टू (लिहू तशी वाढणारी डिस्क-फाइल) प्रकारची बनवावी.

म्हणजे वेळही तेवढाच वाचेल?

नाही, आणि इथे पुष्कळ जण फसतात. समजा गावाकडच्या मोबाइल लाइनवर जाऊन-येऊन ६० मिलिसेकंद लागतात. क्लायंट एक मागणी पाठवून उत्तर येईपर्यंत थांबत असेल, तर वरच्या ४०९६ मागण्यांना ४०९६ × ०.०६ = साधारण २४६ सेकंद लागतात. चार मिनिटं, आणि तीही रिकामी जागा वाचायला. एका वेळी १६ मागण्या वाटेत ठेवल्या तर तेच काम साधारण १५ सेकंदांत होतं. स्ट्रक्चर्ड रिप्लाय जोडलं आणि मागण्या एकामागून एकच ठेवल्या, तर डेटाचं बिल कमी होईल. मागणीमागे थांबण्याचा हा वेळ मात्र तसाच राहील.

सर्व्हरला ही सोय येते की नाही, हे कसं ओळखायचं?

अंदाज करायचा नाही, हँडशेकमध्ये, म्हणजे जोडणी होतानाच्या बोलणीत, विचारायचं. आवृत्ती क्रमांकावरून ठरवणारा क्लायंट एक दिवस फसतो.

सर्व्हर आधी दोन मॅजिक आणि १६ बिटचे फ्लॅग पाठवतो. त्यातला बिट ० लागलेला असेल तर सर्व्हर ‘फिक्स्ड न्यूस्टाइल’ आहे, म्हणजे अनोळखी ऑप्शन आला तरी नीट नकार देतो. बिट ० नसेल तर विचारूच नका. अशा सर्व्हरला फक्त एक्स्पोर्टचं (तो देत असलेल्या डिस्कचं) नाव सांगायचं आणि साध्या उत्तरांवर काम करायचं.

बिट ० असेल तर स्ट्रक्चर्ड रिप्लायचा ऑप्शन क्रमांक ८ पाठवायचा : ८ बाइट मॅजिक, ४ बाइटमध्ये ८, ४ बाइटमध्ये लांबी ०. लांबी शून्यच हवी, मागे काही जोडलं तर सर्व्हर मागणी चुकीची ठरवतो. उत्तराचा हेडर २० बाइटचा येतो. रिप्लायचा प्रकार १ असेल तर मंजूर. प्रकाराचा सगळ्यात वरचा बिट लागलेला असेल तर नकार. २१४७४८३६४९ हा ‘मला हे येत नाही’ याचा आकडा. नकाराच्या हेडरमधली लांबी वाचा, तितके बाइट वाचून टाका आणि साध्या मार्गानं पुढे जा. नकारासोबत खुलाशाचा मजकूर असू शकतो. तो न वाचता तसाच सोडला की पुढचं सगळं वाचन सरकतं.

ऑप्शन कुठल्या क्रमानं पाठवायचे?

टीएलएस (एन्क्रिप्शन) पहिलं, मग स्ट्रक्चर्ड रिप्लाय, मग हवे असतील ते मेटा-कॉन्टेक्स्ट (डिस्कचा कुठला भाग कसा आहे ही वेगळी माहिती), शेवटी ‘गो’ (डिस्क निवडून कामाला लागायचा ऑप्शन). मेटा-कॉन्टेक्स्ट निवडायला स्ट्रक्चर्ड रिप्लाय आधी मंजूर असावं लागतं. ‘गो’ झाल्यावर हँडशेक संपतो, मग काही मागता येत नाही.

टीएलएस पहिलं का, हे नीट समजून घ्या. एन्क्रिप्शन सुरू होण्यापूर्वी जे ठरलं ते टीएलएस लागल्यावर दोन्ही बाजूंनी विसरायचं असतं. २०२१ मध्ये एनबीडी-किट या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये याच जागी दोष सापडला होता, त्याचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२१-३७१६. वाटेतला हल्लेखोर टीएलएसच्या आधी उघड्यावर स्ट्रक्चर्ड रिप्लायची मागणी घुसवू शकत होता, आणि सर्व्हर ती टीएलएसनंतरही लक्षात ठेवत होता. क्लायंटनं जे मागितलंच नाही त्या रूपात उत्तर आल्यावर तो सेशन सोडून देई. आपल्या क्लायंटमध्ये ‘मंजूर झालं’ हा झेंडा टीएलएस लागताच खाली करा आणि पुन्हा विचारा.

उत्तर वाचणारा लूप कसा बदलायचा?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मंजुरी मिळाली म्हणजे साधी उत्तरं बंद झाली असं नाही. वाचनाच्या मागणीला स्ट्रक्चर्ड उत्तरच येतं, पण लिहिणं किंवा फ्लश (लिहिलेलं डिस्कवर पक्कं करणं) यांना सर्व्हर साधं उत्तरही देऊ शकतो. एकाच सॉकेटवर दोन्ही मिसळून येतात.

म्हणून आधी फक्त ४ बाइट वाचा. १७३२५३५९६० असेल तर साधं उत्तर, आणखी १२ बाइट वाचा. १७२०५९५४३९ असेल तर स्ट्रक्चर्ड, आणखी १६ वाचा : २ बाइट फ्लॅग, २ बाइट प्रकार, ८ बाइट कुकी, ४ बाइट लांबी. तिसरं काही असेल तर कनेक्शन बंद करा. पुढे सरकत ‘योग्य मॅजिक’ शोधत बसू नका, डेटामध्येही तो आकडा सापडू शकतो.

चूक आकड्यावरून ओळखता येते. लॉगमध्ये मॅजिक म्हणून ४०१३१३३४१४ दिसला तर बाइटक्रम उलटा वाचला आहे. एनबीडीत सगळे आकडे मोठा बाइट आधी या क्रमानं येतात. मॅजिक म्हणून १६३९२ दिसला तर जुन्या सवयीनं १६ बाइटचाच हेडर वाचला आणि लांबीचे ४ बाइट मागे राहिले : १६३८४ डेटा आणि ८ ऑफसेट.

आणखी एक. सॉकेटवर एकदा वाचलं म्हणजे मागितले तितके बाइट मिळतातच असं नाही. ऑफिसच्या केबलवर मिळतात, म्हणून चूक दिसत नाही. मोबाइलच्या लाइनवर पहिल्याच दिवशी दिसते. पूर्ण बाइट मिळेपर्यंत वाचत राहणारं एकच फंक्शन लिहा आणि सगळीकडे तेच वापरा.

पोकळीचा तुकडा आला की काय करायचं?

प्रकार २ म्हणजे पोकळी. लांबी नेमकी १२ : ८ बाइट ऑफसेट, ४ बाइट पोकळीचा आकार. डेटा येत नाही, पण बफरच्या त्या भागात शून्य तुम्ही स्वतः भरायचे असतात.

हे विसरलं की काय होतं ते जवळून बघा. क्लायंट वेगासाठी तोच २५६ केबीचा बफर पुन्हा पुन्हा वापरतो. मागच्या वाचनात त्यात काटापट्ट्यांची नोंद होती : गाडीचा भरला काटा, रिकामा काटा, शेतकऱ्याचं नाव. पुढची मागणी पूर्ण पोकळ निघाली. सर्व्हरनं बरोबर उत्तर दिलं, क्लायंटनं एरर नाही म्हणून बफर तसाच बॅकअपमध्ये लिहिला. आता बॅकअपमध्ये जिथे काहीच नको तिथे मागच्या पानाची नक्कल बसली. एरर कुठेच नाही, आकारही बरोबर. हे कळतं ते डिस्क परत उभी करताना, म्हणजे बॅकअपची खरी गरज पडते तेव्हा. एका संस्थेच्या खातेदारांची माहिती दुसऱ्याच डिस्कमध्ये जाण्याची वाटही हीच आहे.

बॅकअपची फाइल तुमच्याकडे नव्यानं बनत असेल तर शून्य लिहिण्याऐवजी ती जागा सोडून पुढे जाता येतं, फाइल स्पार्स राहते. जुन्याच फाइलवर लिहीत असाल तर मात्र शून्य लिहावेच लागतात, नाहीतर कालचा डेटा तिथेच राहतो.

तुकडे क्रमानंच येतात का? उत्तर संपलं हे कशावरून?

क्रमाची हमी नाही. एका मागणीचे तुकडे मागेपुढे येऊ शकतात, दोन मागण्यांचे तुकडे एकमेकांत मिसळूही शकतात. कुकीवरून मागणी शोधा, तुकड्यातल्या ऑफसेटवरून जागा शोधा. हा ऑफसेट पूर्ण डिस्कवरचा असतो. बफरमधली जागा काढायला त्यातून मागणीचा ऑफसेट वजा करा.

फ्लॅगचा बिट ० म्हणजे ‘झालं’. तो शेवटच्या तुकड्यावर असतो. कधी सर्व्हर शेवटी प्रकार ० चा, लांबी ० चा तुकडा फक्त ‘झालं’ सांगायला पाठवतो. त्यात डेटा नाही म्हणून गोंधळू नका.

‘झालं’ आलं म्हणजे सगळं मिळालं असं मानू नका. एरर नसताना तुकड्यांनी मागणीचा प्रत्येक बाइट एकदाच झाकलेला असला पाहिजे. प्रत्येक मागणीसोबत मिळालेल्या बाइटची बेरीज ठेवा, आणि ‘झालं’ आल्यावर ती मागणीइतकी आहे का ते पाहा. फक्त बेरीज ठेवली तर एकमेकांवर चढलेले तुकडे सुटतात. पक्कं काम हवं असेल तर मिळालेले पट्टे नोंदवा.

एररचा तुकडा कसा वाचायचा?

प्रकार ३२७६९ म्हणजे एरर, ३२७७० म्हणजे ऑफसेटसह एरर. आत ४ बाइट एरर क्रमांक, २ बाइट संदेशाची लांबी, मग संदेश. ३२७७० असेल तर शेवटी ८ बाइट ऑफसेट. क्रमांक ५ म्हणजे इनपुट-आउटपुट एरर, सहसा डिस्कच. अशा वेळी तोच भाग ४ केबीच्या छोट्या मागण्यांनी पुन्हा वाचा, खराब जागा वेगळी नोंदवा, उरलेला बॅकअप चालू ठेवा.

एररचा तुकडा आल्यावरही त्याच कुकीचे आणखी तुकडे येऊ शकतात. ‘झालं’ येईपर्यंत कुकी मोकळी करू नका आणि दुसऱ्या मागणीला देऊ नका.

ओळखीचा नसलेला प्रकार आला तर?

प्रकाराचा बिट १५ लागलेला असेल तर ती कुठलीशी एरर आहे. लांबीइतके बाइट वाचून टाका, ती मागणी फसली असं धरा, कनेक्शन ठेवा. बिट १५ नसेल तर कनेक्शन तोडा.

हेडरमधल्या लांबीवर किती भरवसा ठेवायचा?

अजिबात नाही. ४ बाइटच्या लांबीत जवळपास ४ जीबी मावतात. ती वाचून थेट तेवढी मेमरी मागणारा क्लायंट एका चुकीच्या हेडरनं कोसळतो. डेटाच्या तुकड्याची लांबी ८ पेक्षा जास्त आणि मागणी + ८ पेक्षा कमी किंवा तेवढीच हवी. पोकळीची १२ च. एररचा संदेश ४०९६ बाइटपुढे जाऊ नये. ऑफसेट तपासताना ‘ऑफसेट + लांबी’ अशी बेरीज करून तुलना करू नका, ६४ बिटची बेरीज गुंडाळून पुन्हा लहान होऊ शकते. वजाबाकी करा : तुकड्याचा ऑफसेट मागणीच्या ऑफसेटपेक्षा कमी नाही ना, आणि दोघांतला फरक मागणीत उरलेल्या जागेत बसतो ना.

तुकडे नकोत, एकसंध उत्तर हवं असेल तर?

सर्व्हरच्या ट्रान्समिशन फ्लॅगमधला (हँडशेकच्या शेवटी डिस्कबद्दल येणाऱ्या फ्लॅगमधला) बिट ७ असेल तर मागणीवर ‘डीएफ’ (तुकडे करू नको) फ्लॅग लावता येतो. ६५५३६ बाइटपर्यंतची मागणी सर्व्हरला एकाच तुकड्यात द्यावी लागते. त्याहून मोठीला तो ७५ क्रमांकाची एरर देऊ शकतो. बॅकअपला याची गरज पडत नाही.

लिहिताना काही फायदा?

नाही. शून्य लिहिण्याची बचत ‘राइट झिरोज’ या वेगळ्या सोयीनं होते. ती ऑप्शननं मागायची नसते, ट्रान्समिशन फ्लॅगचा बिट ६ पाहायचा.

लिनक्सच्या कर्नल ड्रायव्हरला सॉकेट द्यायचा असेल तर?

तर ऑप्शन ८ मागू नका. कर्नलचा एनबीडी ड्रायव्हर साधी उत्तरंच वाचतो. हँडशेक तुमच्या प्रोग्रामनं करून स्ट्रक्चर्ड रिप्लाय मंजूर करून घेतलं आणि सॉकेट कर्नलच्या हाती दिला, तर पहिल्याच वाचनाला मॅजिक जुळत नाही.

लाइट गेली किंवा रेंज गेली तर अर्धवट तुकड्यांचं काय?

टाकून द्या. नवं कनेक्शन म्हणजे नवा हँडशेक, आणि ऑप्शन ८ पुन्हा विचारायचा. मंजुरी कनेक्शनची असते, सर्व्हरची नाही. मधल्या वेळात पलीकडचं सॉफ्टवेअर बदललेलं असू शकतं. ‘या सर्व्हरला येतं’ असं फाइलमध्ये लिहून ठेवणाऱ्या क्लायंटला हे कळत नाही.

गावठाण फिडर गेला की राउटर आणि सर्व्हर एकदम बंद होतात, ‘मी चाललो’ सांगायला कुणी उरत नाही. मागणी पोचली आणि उत्तराआधी लाइट गेली, तर तुमचा क्लायंट वाचनावर थांबून राहतो. टीसीपी कीपअलाइव्ह (पलीकडचा अजून आहे का याची चाचणी) आपोआप चालू नसतं, आणि लिनक्सवर चालू केलं तरी पहिली चाचणी ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. ती ३० सेकंदांवर आणा, चाचण्यांमधलं अंतर १० सेकंद, चाचण्या ३. शिवाय प्रत्येक मागणीला स्वतःची मुदत द्या. धारणी-चिखलदऱ्याकडच्या डोंगराळ भागात रेंज येत-जात राहते, तिथे मुदत जरा सैल ठेवा, नाहीतर चांगलं कनेक्शनही तुम्हीच तोडत राहाल.

गावाकडच्या सर्व्हरला बाहेरून जोडताच येत नाही. हा प्रोटोकॉलचा दोष का?

नाही. मोबाइल सिमवर सहसा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही. गावाकडून बाहेर निघणारा वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा तालुक्याच्या मशीनपर्यंत टाका आणि एनबीडी त्यातूनच चालवा. १०८०९ पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. चालू डिस्कही थेट देऊ नका. आधी स्नॅपशॉट घ्या, तो फक्त वाचण्यापुरता द्या.

चाचणी कशी करायची?

दोन्ही मार्ग तपासा. नवा मार्ग सगळे तपासतात, जुना तसाच राहतो आणि एखाद्या जुन्या सर्व्हरपाशी मोडतो. एनबीडी-किटला ‘नो-एसआर’ हा पर्याय दिला की ते ऑप्शन ८ नाकारतं. तुमचा बॅकअप तसाच पूर्ण झाला पाहिजे. त्याचाच ‘एरर’ फिल्टर ठरावीक प्रमाणात एरर देतो, ‘डिले’ फिल्टर उत्तर उशिरा देतो.

पोकळीसाठी क्यूएमू-एनबीडी हा सर्व्हर आणि स्पार्स फाइल वापरा, कारण एनबीडी-किटच्या प्लगइनला पोकळीचा तुकडा स्वतःहून पाठवता येत नाही. फाइलच्या मधेच कुठेतरी ६४ केबी भरा. वाचण्याआधी बफर १७० या आकड्यानं भरून ठेवा, वाचून झाल्यावर दोन्हीकडचा एसएचए-२५६ (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवा. पोकळीत १७० सापडला तर शून्य भरायचं राहिलं आहे.

उलट्या क्रमाचे आणि मिसळलेले तुकडे खरा सर्व्हर मागाल तेव्हा देईलच असं नाही. त्यासाठी शे-दोनशे ओळींचा खोटा सर्व्हर लिहा, जो मुद्दाम शेवटचा तुकडा आधी पाठवेल, दोन कुकी मिसळेल, ‘झालं’ न सांगता कनेक्शन तोडेल. लागणारी मेहनत एका दिवसाची आहे, आणि ती करावीच. तुकडे डोळ्यांनी पाहायचे तर वायरशार्क, नेटवर्कवरचे बाइट दाखवणारा प्रोग्राम.

हा बदल केव्हा लावावा?

दिवाळीपासून कापसाची आवक वाढली की काटा रात्रीपर्यंत चालतो. तेव्हा हात लावू नका. पावसाळ्यात लावा आणि निदान दोन आठवडे जुना बॅकअपही सोबत चालू ठेवा. विजांच्या दिवसांत राउटरला येणारी तांब्याची तार आणि यूपीएसचं अर्थिंग तेवढं पाहून घ्या.

सेटिंगमध्ये काय ठेवायचं, लॉगमध्ये काय लिहायचं?

तीन पर्याय द्या : ‘बंद’, ‘मिळालं तर घे’, ‘हवंच’. मूळ निवड ‘मिळालं तर घे’. ‘हवंच’ फक्त चाचणीला, नाहीतर जुन्या सर्व्हरचा बॅकअप चालत असताना बंद पडेल. ‘बंद’ मात्र नक्की द्या, कारण रात्री अकराला फोन आला तर पलीकडच्या माणसाला एक शब्द बदलायला सांगून काम सुरू करता आलं पाहिजे.

लॉगमध्ये प्रत्येक कनेक्शनला एक ओळ : ऑप्शन ८ मागितला की नाही, मंजूर की नाकारला, नाकारला तर कुठल्या आकड्यानं. बॅकअप संपल्यावर दुसरी ओळ : भरलेले बाइट किती, पोकळ बाइट किती, एररचे ऑफसेट कोणते. पोकळ बाइट रोज हजारोंनी असतात आणि आज एकदम शून्य आले, तर गावाकडची डिस्क कुणीतरी पूर्ण भरलेल्या प्रकारात बदलली आहे किंवा सर्व्हर बदलला आहे. महिन्याचा डेटा संपायच्या आत फोन करून विचारा.